वाव्हळे मॅडमचा लाल अंगठा

वाव्हळे मॅडमचा उजवा अंगठा कायम लाल असायचा. मेंदीचा नव्हे, कुंकवाचा तर नव्हेच. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेशी रंगवायला कार्मिन नावाचा गडद लाल रंग लागतो. काचपट्टीवर त्याचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची, त्यावर टिपकागद घालायचा आणि अंगठ्याने दाबायचं. रंग टिपकागदातून झिरपतो आणि कातडीत बसतो. आम्हा बाकीच्यांचा दोन-चार दिवसांत निघून जायचा. मॅडमचा निघायच्या आत दुसरा बसायचा.

एकदा स्टाफरूममध्ये इतिहासाचे एक सर म्हणाले, "मॅडम, पीएच.डी. झाली तरी तुमचा अंगठा काय सुटंना!"

सगळे हसले. मीही हसलो. मॅडमनी अंगठा उजेडात धरून नीट पाहिला. म्हणाल्या, "आमच्या आजीनं अंगठा लावून रेशन उचललं, मी अंगठा लावून गुणसूत्रं बघते. सुधारणाच म्हणायची की सर."

मग हसणं जरा कमी झालं.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं महाविद्यालय आहे. नाव लिहीत नाही. नवे प्राचार्य परवा म्हणाले, वार्षिक अंकात जुन्या प्राध्यापकांवर लेख घेतोय, वाव्हळे मॅडमवर तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळचे होतात. जवळचा होतो हे खरं आहे. म्हणून तर आजवर एक ओळ लिहिली नाही. हे ते छापतील असं वाटत नाही. पण मॅडम हयात आहेत, परभणीत मुलाकडे राहतात, आणि त्यांच्यापर्यंत हे कसं पोचवायचं ते मी बघेन.

त्यांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, वडील गुरुजी होते, आणि बोरीच्या शाळेत त्या शिकल्या, एवढं माहीत. त्यांनी स्वतःबद्दल फार सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमचं बोलणं ज्वारीबद्दल असायचं.

हिवाळ्यात रब्बीची ज्वारी पोटरीत आली की मॅडम पोरांना घेऊन महाविद्यालयामागच्या शेतात जायच्या. कणीस अजून बाहेर पडलेलं नसतं, पानाच्या पुंगळीत पोट फुगवून बसलेलं असतं. त्याच अवस्थेत, आणि तेही सकाळीच, त्याच्या कोवळ्या फुलांत ते विभाजन चालू असतं ज्याला पुस्तकात अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात आणि आम्ही मियॉसिस म्हणतो. पोरं कानटोप्या घालून, दवात भिजलेल्या चपला फटफटवत मागे. मॅडम डोळे मिटून ज्वारीचं एकेक ताट चाचपायच्या. "ही झाली बाळंत. हिला अजून टाइम हाय. आन् ही बघा, ही आज." ते कणीस चिरून अल्कोहोलच्या बाटलीत पडलं की त्या घड्याळाकडे बघायच्या. "चला, उन्हं वर आली. आता त्यांचं उरकलं. आता गेलात तर रिकाम्या घरात गेल्यासारखं हाय."

प्रयोगशाळेत त्यांचं एकच वाक्य पोरांच्या डोक्यात बसलेलं असायचं. सरळ दाबायचं, सरकायचं न्हाई. अंगठा सरळ खाली गेला तर पेशी पसरते आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात. अंगठा जरा सरकला की सगळं फरफटतं, कोण कुणाचं काही कळत नाही. पोरगं दाबायला लागलं की मॅडम मागे उभ्या राहून त्याच्या मनगटावर एक बोट ठेवायच्या. बोट हललं की पोराला कळायचं, सरकलो.

आणि मग सूक्ष्मदर्शकात ते दिसलं की त्या एकेकाला जागेवर बसवून सांगायच्या. मी शेजारच्या खोलीत जर्नलं तपासत हे इतक्या वेळा ऐकलंय की त्यांच्या आवाजातच मला पाठ आहे.

"हे जोडीजोडीनं दिसायलेत का? त्यातलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. दोघं जन्मभर एकाच पेशीत राहतात, पण एकमेकाकडं ढुंकून बघत न्हाईत. वेगळं व्हायची वेळ आली की मात्र जवळ येतात. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगाला अंग लावतात. जागच्या जागी तुटतात, ह्याचा तुकडा त्याला, त्याचा ह्याला, आन् पुन्हा जुळतात. ही फुली दिसायली का, फुली? तिथं अदलाबदल झाली. आता गंमत ऐक. त्या फुलीनंच ते एकमेकाला धरून असतात. ती नसंल तर वेगळं होणंबी धड होत न्हाई. दोघं एकाच बाजूला जातात, आन् दुसरी बाजू रिकामी राहती."

एका पोरानं विचारलं होतं, "मग मॅडम, मी बापासारखा का आज्यासारखा?"

"कुणासारखाच न्हाई. तुझ्या बापानं तुला जे दिलं ना, ते तुझ्या बापापाशीबी तसं नव्हतं. देताना तयार झालं."

हे वाक्य मी नंतर माझं म्हणून एका कार्यशाळेत वापरलं. टाळ्या पडल्या. ही चोरी मात्र मी मोजत नाही, पुढे जे लिहायचं आहे त्यापुढे ती फार लहान आहे.

दुपारी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या बाकावर मॅडम डबा उघडायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आणि दिवसाआड अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. आमच्या घरी अंबाडी होते, पण तशी होत नाही. "या सर," म्हणायच्या, आणि मी बसायचो, अर्धा डबा मीच संपवायचो. कधी स्टाफरूममध्ये सगळे असताना त्यांनी डबा उघडला आणि त्याच आवाजात "या सर" म्हणाल्या, की मी म्हणायचो, "आत्ताच जेवून आलो मॅडम." एकदा म्हणालो, दोनदा म्हणालो. मग स्टाफरूममध्ये त्यांनी विचारणं बंद केलं. प्रयोगशाळेत विचारत राहिल्या. ह्यावर आमच्यात कधीही बोलणं झालं नाही.

त्यांना एका प्रॅक्टिकलचा मनस्वी राग होता. जर्नलमध्ये ते छापलेलंच होतं: घरातल्या माणसांच्या कानाच्या पाळ्या बघा, मोकळी की गालाला चिकटलेली, आणि तक्ता करा. पुस्तकाप्रमाणे मोकळी पाळी प्रभावी. आई-बाप दोघांचीही चिकटलेली असेल तर मूल मोकळ्या पाळीचं होऊच शकत नाही. मॅडम दरवर्षी त्या पानावर पोरांना आडवी रेघ मारायला लावायच्या. "कानाची पाळी एका जनुकाचं काम न्हाई, देशमुख सर. कितीतरी जनुकं, त्यात दर पिढीला ही अदलाबदल. पुस्तकवाल्यांनी सोपं करून ठेवलंय. आन् पोरायच्या घरात आपण शिरायचं न्हाई. तिथं काय वाढून ठेवलंय आपल्याला काय ठाऊक?"

मला हा अतिरेक वाटायचा. पाच मिनिटांचं, विनाखर्चाचं प्रॅक्टिकल, पोरांना मजा येते.

एका वर्षी सत्र संपत आलं तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी बैठकीत विचारलं, कुणाची प्रॅक्टिकलं राहिली आहेत? मॅडम म्हणाल्या, "माझी झाली. देशमुख सरांची राहिलीत." ते खरंच होतं. पण सगळ्यांसमोर? मी घरी येऊन बायकोला म्हणालो, ज्या बाईच्या डब्यात जेवतो तिनं दगा दिला. किती दिवस ते मनात धरून होतो. आज हसू येतं म्हणालो असतो, पण येत नाही.

त्याच आठवड्यात मॅडम भाचीच्या लग्नाला गेल्या. त्यांचा तास मी घेतला. पोरांना कशात तरी गुंतवून माझं राहिलेलं काम उरकायचं होतं, म्हणून म्हणालो, काढा ते कानाचं पान. पोरांनी घरी बघून यायचं, दुसऱ्या दिवशी फळ्यावर तक्ता करू.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकेक घर उतरलं. अश्विनी नावाची मुलगी होती, वालूरजवळच्या वस्तीवरची, पुढच्या बाकावर बसणारी. म्हणाली, "वडिलांची चिकटलेली, आईची चिकटलेली, माझी मोकळी." आणि केस मागे करून दाखवली.

मी म्हणालो, "अशक्य! पुस्तकाप्रमाणे तू त्या घरची नाहीसच. दवाखान्यात अदलाबदल झाली का बघ जरा."

वर्ग हसत सुटला. अश्विनीसुद्धा हसली. मी फळा पुसला आणि हजेरी घेतली.

संध्याकाळी तिनं ते घरी जेवताना सांगितलं, गंमत म्हणून; जेनेटिक्सच्या तासाला झालं एवढंच, कोण म्हणालं ते नाही. पण पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी होतं. अश्विनी बोरीला, आजोळच्या घरात, सुईणीच्या हातावर जन्मली होती. दवाखाना नव्हताच. अदलाबदलीला जागा नव्हती. मग राहिलं काय? तिच्या आजोबांचं, सगळे त्यांना आबा म्हणायचे, सुनेशी कधी जमलं नव्हतं. त्यांनी ताट सरकवलं. दोन दिवसांनी सून बोरीला माहेरी होती, आणि आबांचा निरोप महाविद्यालयात: ती जेनेटिक्सवाली बाई कोण हाय, तिला भेटायचंय.

जेनेटिक्स वाव्हळे मॅडमकडे होतं.

लग्नाहून आल्या आल्या त्यांना हे कळलं. माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "मॅडम, मी फक्त चेष्टेनं..."

"ते नंतर. गाडी काढा. आधी बोरी."

मी मोटारसायकल काढली. बोरीला अश्विनीची आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. रडून झालेलं होतं, आता नुसती फोडत होती. मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या, दोन शेंगा उचलून स्वतःही फोडायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी तिच्या कानाला हात लावला. लाल अंगठा पाळीवरून फिरला आणि थांबला.

"टाका हाय का हा?"

"अश्विनीनंच ओढला होता कानातला झुबा, तान्ही असताना," ती म्हणाली. "पाळी चिरत आली खालपर्यंत. डॉक्टरनं शिवली ती अशी गालाला धरून बसली."

मला एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मॅडम, सुटलं! मूळची मोकळीच होती की पाळी. हेच सांगू आबांना."

"न्हाई सांगायचं."

"अहो पण..."

"ही टाक्यानं सुटंल. उद्या दुसरीच्या कानाला टाका नसंल तर?" त्यांनी पदर खोचला. "जे खरं हाय तेच सांगायचं. कानावरून कुणाचं काही ठरत न्हाई, एवढंच. चला वालूरला."

वालूरच्या वस्तीवर आबा ओसरीत बसले होते. अश्विनीचे वडील खांबाला टेकून, मान खाली. अश्विनी दारात. आबांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि चेहरा बदलला. "मंग तुमी आपलेच पाव्हणे निघाले की! या, वर या." मला बाजेवर बसवलं. मॅडमसाठी अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकली. चहा आला. मला कपबशी, मॅडमना कागदी कप. मॅडमनी चहा पिऊन कप घडी करून पर्समध्ये ठेवला, अंगणात टाकला नाही.

"आबा," त्या म्हणाल्या, "मण्याची पोत हाय का घरात? जुनी?"

आबांना काही उमगलं नाही. पण अश्विनीची आजी आतून डबी घेऊन आली. मॅडम खुर्ची सोडून ओसरीच्या पायरीवर बसल्या. काळ्या मण्यांची एक सर ओवली, लाल मण्यांची दुसरी, सारख्याच लांबीच्या.

"आबा, ही काळी तुमच्या वडिलांची. ही लाल तुमच्या आईची. दोन्ही तुमच्या अंगात हायेत. तुमी पोराला कोणती दिली?"

"काळी," आबा लगेच म्हणाले. "आमच्या बापाची."

"न्हाई." त्यांनी दोन्ही सरी शेजारी धरल्या, एकाच जागी दोरे तोडले, खालचे तुकडे बदलले, गाठी मारल्या. "देताना हे असं होतं. तुमाला विचारून होत न्हाई, मला विचारून होत न्हाई. वर काळी, खाली लाल. ही पोराला गेली. पोराची पुन्हा त्याच्या आईच्या सरीसंगं अशीच तुटली, तवा अश्विनीला गेली. आन् तिच्या आईकडूनबी अशीच एक आली. आता कानाच्या पाळीचे मणी एकाच जागी नसतात, सगळीकडं इखुरलेले असतात. थोडे तुमच्या पोराकडं, थोडे सुनेकडं. दोघांकडं कमी असले तर दिसत न्हाईत. पोरीत एकत्र आले की दिसतात. ह्यात कुणी काही केलं न्हाई, आबा."

आबांनी वाकून त्या गाठी पाहिल्या. मग म्हणाले, "म्हंजी आमच्या पोरात आमच्या बापाची सर सबंध न्हाई?"

"कुणाच्याच पोरात नसती."

तेवढ्यात आजी बोलली. डबी मांडीवर घेऊन ती सगळं बारकाईनं बघत होती. "मंग मी आणलेले मणी कुठं गेले म्हनते मी! चाळीस वरीस झाले, ह्या घरात नाक ह्यांचं, रंग ह्यांचा, अक्कल ह्यांची. फकस्त पोरगं नापास झालं की ते माझ्यावर गेलं!"

अश्विनी फिसकन हसली. तिच्या वडिलांनीही पहिल्यांदा मान वर केली. आजी त्यांच्याकडे वळली. "तू काय खांब धरून बसला? उद्या सकाळी गाडी घेऊन बोरीला जा. आन् तिला म्हनावं, तुझी सासू वाट बघायली."

सून परत येणार, हे तिथंच ठरलं. पण आबा त्यांच्याच ओसरीत, बायकोपुढं, पाहुण्यापुढं हरले होते. त्यांना कुणीतरी पाहिजे होतं.

"ते समदं खरं," ते म्हणाले. "पर वर्गात माझ्या सुनेची इज्जत काढली कुणी? भर पोरापोरीत? अश्विनी, हीच बाई ना?"

अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं. मी बाजेवर होतो, हातात बशी होती. तिचे अंतर्गत परीक्षेचे मार्क माझ्याकडे होते. मी तिला काही म्हणालो नाही, खूणही केली नाही. फक्त तिच्याकडं पाहत राहिलो. पोरीचे ओठ हलले आणि थांबले.

"मीच," मॅडम म्हणाल्या. "विषय माझा हाय, जिम्मेदारी माझी. चुकलं माझं. माफी मागते, आबा."

मग आबांना जे बोलायचं होतं ते बोलले. तुमच्यासारख्यांना नोकऱ्या दिल्या की असं होतं, इथून सुरुवात झाली. पुढचं मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला ते माहीत आहे. मॅडम पायरीवर बसून मणी डबीत भरत होत्या, काळे एका बाजूला, लाल एका बाजूला. मधे एकदाच त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. पोराच्या मनगटावर बोट ठेवून उभ्या राहायच्या तेव्हा जसं बघायच्या, तसं. मी बशीतला चहा प्यायलो. थंड झाला होता.

परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं त्या विचारतील. त्यांनी विचारलं, "पेट्रोल हाय ना?"

आबांनी संस्थेकडे तक्रार केलीच. सचिवांच्या केबिनमध्ये मॅडम एका बाजूला, मी एका बाजूला. वर्गातल्या पोरांना कुणी बोलावलं नव्हतं, सगळ्या वर्गाला खरं ठाऊक होतं तरी. सचिवांनी मला विचारलं, "सर, जेनेटिक्सचं प्रॅक्टिकल कुणाकडं असतं?"

"वाव्हळे मॅडमकडे."

"बस. एवढंच पाहिजे होतं."

आणखी एक वाक्य पुरलं असतं. "पण त्या दिवशी मी घेतलं." पाच शब्द. ते माझ्या तोंडात होते. सचिवांनी पेनाचं टोपण लावलं, तोवर होते. मग नव्हते.

बाहेर व्हरांड्यात मॅडम पायात चपला घालत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "देशमुख सर, तुमी खोटं बोलला न्हाईत. ते लय वाईट झालं. खोटं बोलला असता तर मला म्हणता आलं असतं, हे खोटं हाय."

त्यांची बदली चुडाव्याजवळच्या एका खेड्यात झाली, संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात. तिथं प्रयोगशाळा म्हणून एक कपाट होतं. मी विभागप्रमुख झालो. हे वाक्य वगळणार होतो. अश्विनीला मी अंतर्गत परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क दिले, तेही वगळणार होतो. ती पुढे माझ्याशी कधी बोलली नाही. निकाल घ्यायला आली तेव्हा केस कानावरून पुढे घेतलेले होते.

जेनेटिक्स आता माझ्याकडे आहे. शिकवताना एक भाग येतो. कधी कधी ती दोन गुणसूत्रं नीट समोरासमोर येत नाहीत, तिरपी जुळतात, आणि अदलाबदल असमान होते. एकाकडे दुप्पट जातं, दुसऱ्याचं तेवढं कायमचं जातं. मॅडम ह्यावर रेंगाळायच्या, फळ्यावर दोन रंगांत काढून दाखवायच्या. मी तो भाग भराभर वाचून पुढे जातो. कानाच्या पानावर मीही आता आडवी रेघ मारायला लावतो. का, ते सांगत नाही.

मॅडमच्या निवृत्तीआधीच्या हिवाळ्यात मी नांदेडला पेपर तपासायला गेलो होतो. पहाटेच्या गाडीनं परतताना चुडावा स्टेशन आलं आणि मी उतरलो. ठरवून उतरलो. काय बोलायचं ते गाडीत घोकलं होतं: मॅडम, ते प्रॅक्टिकल मी घेतलं होतं, ते बोलणं माझं होतं, मी लेखी देतो.

खेड्यातल्या त्या कनिष्ठ महाविद्यालयामागे ज्वारी होती. मॅडम बांधावर उभ्या होत्या, भोवती सात-आठ मुली. केस पांढरे झाले होते. सूक्ष्मदर्शक नाही, काचपट्टी नाही, नुसतं एक पोटरीतलं कणीस हातात. ते त्यांनी चिरलं आणि मुलींपुढं धरलं. "हिच्या आत आत्ता, ह्या घडीला, ते चाललंय. आपल्याला दिसत न्हाई. पण चाललंय." मुली त्या कणसात असं बघत होत्या की जणू दिसत होतं.

मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. खोटं नाही, खरंच उजळला. मी त्याची तयारी केली नव्हती. "अगं, हे देशमुख सर! आमी लय वरीस संगं काम केलं." मुलींनी नमस्कार केले. मॅडमनी बांधावर पिशवी ठेवलेली होती, त्यातून डबा काढला. तोच, कडेला पोचा आलेला. झाकण उघडलं. लसणाच्या फोडणीचा वास आला.

"या सर. अंबाडी हाय."

मुली बघत होत्या. मी आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. घोकलेलं सगळं तोंडाशी होतं. तोंड उघडलं.

"आत्ताच जेवून आलो, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. डब्यावर झाकण ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. सरळ, जरासुद्धा न सरकता. अंगठा स्वच्छ होता. त्यावर लाल रंगाची खूणसुद्धा राहिली नव्हती.